तीन वाजून चौतीस मिनिटं

मृत्यूची वेळ सांगणाऱ्या घटकायंत्राने निंबदरा औद्योगिक वसाहतीतले वीस कागद खोटे ठरवले आणि एक खरा ठरवला. तो एक कागद प्रल्हाद वाघचौरे यांनी लिहिला होता. आणि लिहिताना तोही त्यांनी खोटाच लिहिला होता.

बातमी सोमवारी सकाळी आली. दहाच्या आत तीन माणसं कंपनीच्या दवाखान्यात येऊन त्यांचा हात दाबून गेली. स्टोअरचा कारकून तर पेढे घेऊनच आला. प्रल्हादरावांनी पेढा तोंडात टाकला, कारकून जाईपर्यंत तसाच धरून ठेवला, मग आत जाऊन बेसिनमध्ये थुंकला आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला.

प्रल्हादराव त्या दवाखान्यात नर्स होते. पुरुष नर्सला आपल्याकडे ब्रदर म्हणतात, म्हणून कारखान्यातली साडेचारशे माणसं त्यांना ब्रदर म्हणत. वय त्रेपन्न, नोकरी बावीस वर्षं. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायला जागा मिळणार नाही.

आता या कागदाची भानगड. कारखान्यात माणूस मेला की कारखाना निरीक्षक येतो, पोलीस येतात, प्लांटला सील लागतं, आणि वसाहतीच्या वार्षिक अहवालात 'कामावर मृत्यू' या रकान्यात आकडा पडतो. निंबदऱ्याच्या त्या रकान्यात सात वर्षं शून्य होतं. माणसं मरत नव्हती असं नाही. ती गेटपार होत होती. वसाहतीतल्या झाडून सगळ्या दवाखान्यांत हा शब्द चाले, आणि नव्या ब्रदरला तो पहिल्या महिन्यातच शिकवला जाई. गेलेल्या माणसाला जिवंत म्हणून गेटबाहेर काढायचं. कागदावर लिहायचं, 'छातीत दुखण्याची तक्रार, पुढील उपचारासाठी रवाना.' थोड्या वेळाने खाली लिहायचं, 'वाटेत मृत्यू.' छातीचं दुखणं म्हणजे अपघात नव्हे, आणि वाट काही कंपनीच्या मालकीची नसते.

प्रल्हादरावांनी अशी सहा माणसं गेटपार केली होती. मनाची समजूत त्यांनी पहिल्याच वेळी घालून ठेवली होती, ती पुढे कामाला येत गेली. माणूस तर गेला. गेलेल्याचं आपण काय बिघडवतो? उलट कंपनी खूश राहिली तर घरच्यांचं काहीतरी बघेल.

सातवा हनुमंत ढगारे. कंत्राटी कामगार, वय बत्तीस. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये, दुपारच्या वेळी तो मोठ्या टाकीत गाळ काढायला उतरला, आणि टाकीला जोडलेली नायट्रोजनची नळी बंद करायची राहून गेली. नायट्रोजन तसा विषारी नाही. आपण श्वास घेतो त्या हवेत पाऊण हिश्शाहून जास्त तोच असतो. पण बंद टाकीत तो भरला की प्राणवायूला बाहेर ढकलतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणूस दोन-चार श्वास घेतो आणि खाली बसतो. अंगावर ओरखडासुद्धा उमटत नाही. गेटपार करायला याहून सोयीचं मरण नाही.

दोन दहाला त्याला दोरीने वर ओढलं. प्रल्हादराव धावत गेले. हातात रबरी मोजे होते, ते काढायचं भान राहिलं नाही. तशीच दोन बोटं त्यांनी हनुमंतच्या मानेवर टेकवली. पाठीमागे सुरक्षा व्यवस्थापक मोकाशी साहेब फोन कानाला लावून उभे होते.

"ब्रदर, गेला ना?"

बोटांना काही लागलं नव्हतं. ओठ निळे पडले होते. दहा सेकंद झाले असतील, फार तर बारा.

"गेला," प्रल्हादराव म्हणाले.

मग सगळं रीतीप्रमाणे झालं. गाळाने भरलेला बॉयलर सूट उतरवून अंग पुसलं. त्याचे स्वतःचे कपडे सापडेनात, म्हणून ड्रायव्हरचा जादाचा शर्ट चढवला. मुख्य कचेरीचा होकार यायला अर्धा तास लागला. दोन पन्नासला कंपनीची रुग्णवाहिका गेटबाहेर पडली. तीन किलोमीटरवर सरकारी दवाखाना होता, तो मागे टाकला, कारण तिथल्या आवारात पोलीस चौकी होती. चाळीस किलोमीटरवरच्या शहरात ओळखीचे डॉक्टर होते. प्रल्हादराव पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मागे बसून करायचं काय होतं? मांडीवर पॅड घेऊन त्यांनी कागद गाडीतच पुरा केला. मृत्यूची वेळ काहीतरी घालावी लागते. त्यांनी साडेतीन घातली.

संध्याकाळी शवागाराच्या पायरीवर हनुमंतची बायको बसली होती. नाव कोमल, वय सव्वीस. तिने एवढंच विचारलं, "तुमी जवळ होता का, भाऊ?"

"होतो," प्रल्हादराव म्हणाले. "हात धरून बसलो होतो."

"काही बोलले?"

"तुझं नाव घेतलं."

हे खोटं कुणी त्यांना सांगायला सांगितलं नव्हतं. ते त्यांच्या पदरचं होतं. महिन्याभराने कंपनीने कोमलला कॅन्टीनमध्ये लावून घेतलं, आणि तेव्हापासून ती प्रल्हादरावांना भाऊच मानत आली. दोन दिवाळ्या तिने त्यांना भाऊबीजेला ओवाळलं होतं.

यंत्राची माहिती घेऊन मंगळवारी डॉक्टर तहसीन काझी आल्या. जिल्हा रुग्णालयात शवविच्छेदन करणाऱ्या, पस्तिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. प्रल्हादरावांच्या खोलीतल्या तपासणीच्या स्टुलावरच बसल्या आणि समजावून सांगू लागल्या.

"हृदय थांबलं की आपण म्हणतो माणूस संपला. पण ब्रदर, शरीराला ते लगेच कळत नाही. प्रत्येक पेशी दिवसभर आपल्या कामाच्या चिठ्ठ्या लिहीत असते. आरएनए म्हणजे त्याच चिठ्ठ्या. रक्त थांबलं की त्या फाटायला लागतात, आणि प्रत्येकीचा फाटायचा वेग ठरलेला असतो. काही दहा मिनिटांत जातात, काही पाच तास टिकतात. काही चिठ्ठ्या तर मरणानंतरच लिहिल्या जातात. बुबुळाच्या मागच्या द्रवात हे सगळं स्वच्छ मिळतं. त्याचा थेंब कागदाच्या पट्टीवर सुकवला की फाटणं तिथेच थांबतं. मग दहा वर्षांनी वाचा, तेच उत्तर."

अशा पट्ट्या सरकारने संशोधनासाठी तीन वर्षं घेतल्या होत्या. प्रल्हादरावांचे आधीचे सहा त्याच्याही आधीचे होते. दवाखान्यात मृतावस्थेत आलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यातला एक थेंब घ्यायचा आणि वर घेतल्याची वेळ छापायची. मग निधी संपला आणि पट्ट्या कपाटात पडून राहिल्या. गेल्या वर्षी त्या वाचणारं यंत्र आलं. शेकडो चिठ्ठ्या मोजून ते मृत्यूची घटका चार मिनिटांच्या फरकाने सांगे. तेव्हा वसाहतीतल्या काही बायकांनी कामगार खात्याकडे अर्ज केला, की आमचे नवरे वाटेत गेले म्हणतात, तेवढं बघून द्या.

"एकवीस पट्ट्या निघाल्या," काझी म्हणाल्या. "वीस जण गाडी गेटबाहेर पडायच्या आधीच गेले होते. कुणी तासभर आधी, एक तर चार तास आधी. फक्त तुमचा ढगारे वेगळा. तीन वाजून चौतीस मिनिटं. तुम्ही साडेतीन लिहिलंत. मला तुम्हाला भेटायचंच होतं. वेळ इतकी नेमकी कशी टिपलीत?"

प्रल्हादराव भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. 'गेला' म्हटलं ते दोन पंधराला. दोन पंधरा ते तीन चौतीस. एकोणऐंशी मिनिटं. काल सकाळपासून त्यांनी तो हिशेब इतक्या वेळा केला होता, की आता आकडा आपोआप समोर येई.

"नाडी बघत होतो, मॅडम."

"सलग?"

"सलग."

"ऑक्सिजन लावला होता? कागदावर दिसत नाही."

"लावला होता. लिहायचं राहिलं."

काझींनी ते लिहून घेतलं. सिलिंडर त्या दिवशी गाडीत हनुमंतच्या उशाशीच होता. भरलेला होता आणि त्याचं सीलसुद्धा कुणी तोडलं नव्हतं. त्या माणसाला त्या घडीला जगात एकाच गोष्टीची गरज होती आणि ती त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होती. प्रल्हादरावांना वाटलं, आपला चेहरा आता आपल्याला दगा देणार. पण काझी उठल्या, म्हणाल्या, "माझ्या विद्यार्थ्यांना तुमचा कागद दाखवीन," आणि निघून गेल्या.

त्यांची गाडी गेटबाहेर पडल्यावर प्रल्हादराव मोकाशी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"या, ब्रदर. तुम्ही तर तारलंत आम्हाला. अख्खी वसाहत तोंड लपवून बसलीय. त्यांचे वीस, आपला शून्य."

"साहेब, तो जिवंत होता."

"मग? तेच सिद्ध झालं ना."

"आपण तो गेला म्हणून कपडे बदलत बसलो. सरकारी दवाखाना मागे टाकला. तेव्हा तो जिवंत होता, साहेब."

मोकाशींनी खुर्ची थोडी मागे घेतली. आवाज चढवला नाही. "वाघचौरे, आपण नाही. मी विचारलं होतं. उत्तर तुम्ही दिलंत. आज तुमचा कागद खरा निघालाय आणि खरा कागद खोटा ठरवायला निघालेला माणूस मी अजून बघितला नाही. तुमची पाच वर्षं राहिलीत. ती बाई कॅन्टीनमध्ये मार्गी लागलीय. तिच्या डोक्याला कशाला ताप? शुक्रवारी सुरक्षा दिन आहे, तुमचा सत्कार ठेवलाय. चांगला शर्ट घालून या."

प्रल्हादराव उठले. त्यांना मोकाशींचा राग यायला हवा होता, तो आला नाही. साहेबांनी विचारलं होतं, हे अक्षरशः खरं होतं. 'गेला' हा शब्द त्यांच्याच तोंडून निघाला होता. मोजे काढून अर्धं मिनिट बोटं ठेवली असती तर कदाचित काही लागलं असतं. अर्धं मिनिट ठेवली नाहीत, कारण आधीचे सहाही गेलेलेच होते आणि सातवा वेगळा असेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

घरी बायकोने, निर्मलाताईंनी, शेजारणीला बोलावून बातमी दाखवली होती. "ह्यांचा एकट्यांचा खरा निघाला बघा," त्या सांगत होत्या. प्रल्हादराव हातपाय धुऊन जेवायला बसले, दोन घास खाल्ले आणि पोट बरं नाही म्हणाले. बायकोला सांगावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण तिच्या तोंडावरचा आनंद बघून त्यांची हिंमत झाली नाही. तीस वर्षांच्या संसारात तिने त्यांच्याबद्दल इतक्या अभिमानाने बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकायला बरं वाटलं याची त्यांना जास्त लाज वाटली.

शुक्रवारी सत्कार झाला. मांडव होता, फुलं होती, मोकाशींचं भाषण होतं. शाल द्यायला कुणाला बोलवावं, तर कोमलला. ही कल्पना कुणाची होती देव जाणे. प्रल्हादरावांनी ठरवलं होतं, की शाल अंगावर पडायच्या आत बोलायचं. सगळ्यांसमोर, माइक हातात घेऊन. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. शाल पडली, टाळ्या वाजल्या, आणि माइक मोकाशींच्याच हातात राहिला. मग कोमल खाली वाकली आणि त्यांच्या पाया पडली. पाय मागे घ्यायलाही त्यांना सुचलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती त्यांना कॅन्टीनच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथे भाजी निवडायचं टेबल होतं आणि दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. दुपारचे तीन वाजत आले होते, जेवणाची पाळी उरकली होती. तिने चहा पुढे ठेवला.

"भाऊ, मला एक विचारायचं हाय. तुमी म्हणले होते ह्यांनी माझं नाव घेतलं. मला कधीकधी वाटायचं, भाऊ माझं मन राखायला म्हणले असतील. आता मिशिननं बी सांगितलं, वाटेत जिवंत होते. तुमी साडेतीन लिहिलं, मिशिन म्हणतं तीन चौतीस. म्हंजी चार मिनिटं जास्तीचे जगले. त्या चार मिनिटांत अजून काय बोलले का? असंल तर सांगा. मला तेवढंच पाहिजे."

प्रल्हादरावांनी चहाचा कप बाजूला सरकवला. हे सांगायला त्यांना दोन वर्षं लागली होती, आणि सांगायला बसल्यावर पाच मिनिटंही लागली नाहीत. बोटांचं सांगितलं, मोज्यांचं सांगितलं, 'गेला' म्हणाल्याचं सांगितलं. गेटपार करणं म्हणजे काय तेही सांगितलं.

"मग नाव?" शेवटी तिने विचारलं.

"नाही घेतलं. ते मी मनाने सांगितलं."

"हात धरला व्हता म्हणले."

"नाही धरला."

"मग मागं कोण व्हतं त्यांच्याजवळ?"

"कुणी नव्हतं. मी पुढे बसलो होतो."

कोमलने टेबलावरची कोथिंबिरीची काडी उचलली आणि तिचे तुकडे करू लागली. करून झाल्यावर ते एका बाजूला लोटले.

"शर्ट चढवला तेव्हा अंग गरम व्हतं का गार?"

"गरम होतं. टाकीत उकाडा असतो, त्याचं असेल म्हणालो."

"कुणाला म्हणाले?"

"स्वतःलाच."

ती रडली असती तर प्रल्हादरावांना सोपं गेलं असतं. शिव्या घातल्या असत्या तर आणखी सोपं. ती आत गेली आणि महिन्याचा बाजार लिहायची वही घेऊन आली. मधलं पान फाडून तिने त्यांच्यासमोर ठेवलं.

"त्या वीस बायांना काल कागद मिळाला, ब्रदर. नवरा कामावर मेला म्हणून सरकारनं लिहून दिलं. मला मिळाला नाई. माझा माणूस अजून छातीत दुखूनच मेलाय. त्या कागदात बी तुमीच लिहिलं, ह्याच्यात बी तुमीच लिहा. वेळ घालून लिहा."

ती ब्रदर म्हणाली हे प्रल्हादरावांच्या लक्षात आलं. ते त्यांनी खाली मान घालून घेतलं.

"कोमल, माझ्यावर खटला होईल, ते होऊ दे. पण तुझी इथली नोकरीही जाईल."

"ते माझं मी बघीन. तुमी लिहा. मी त्या डॉक्टरीणबाईला नेऊन देते."

प्रल्हादरावांनी लिहायला घेतलं. दोन वाजून दहा मिनिटं, टाकीतून बाहेर काढलं. दोन पंधरा, मी मृत म्हणून सांगितलं. कोमल उभी राहून वाचत होती. तिने बोट ठेवलं.

"इथं लिहा, तेव्हा जिवंत होता."

त्यांनी लिहिलं. दोन पंचवीस, कपडे बदलले, तेव्हा जिवंत होता. दोन पन्नास, गेटबाहेर पडलो, तेव्हा जिवंत होता. दोन पंचावन्न, सरकारी दवाखान्यासमोरून गेलो, थांबलो नाही, तेव्हा जिवंत होता. गाडीत ऑक्सिजन होता, लावला नाही. दर ओळीला तेच तीन शब्द लिहायचे होते, आणि प्रत्येक वेळी ते नव्याने जड जात होते.

तीन चौतीसला ते थांबले. मग लिहिलं, 'वाटेत मृत्यू.'

"वाटेत कुठं?" कोमलने विचारलं.

"वाटेतच. रस्त्यावर."

"रस्त्यावर कुठं? गाडी कुठं व्हती तेव्हा?"

हे प्रल्हादरावांना सोमवारी सकाळी, बातमीतली वेळ वाचल्या क्षणीच कळलं होतं. पण ती जागा त्यांनी पाच दिवसांत मनातसुद्धा उच्चारली नव्हती. काझी मॅडमना ती सुचली नाही, मोकाशींना सुचली नाही. कोमलला सुचली.

"खडकी फाट्यावर," ते म्हणाले. "उभी होती."

"उभी कशाला?"

"तिथे रसवंती आहे. ड्रायव्हर म्हणाला, ऊन फार झालंय. आम्ही खाली उतरलो."

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं."

"गाडी उन्हात?"

"उन्हात."

"तुमी रस पेला?"

"हो."

"किती?"

प्रल्हादरावांना क्षणभर वाटलं, एक म्हणावं. एकच ग्लास म्हटलं तर काही बिघडणार नव्हतं, कुणाला कळणारही नव्हतं.

"दोन ग्लास," ते म्हणाले. "दुसऱ्यात बर्फ घालू नका म्हणालो. दातांना झोंबत होता."

कॅन्टीनच्या आत कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत राहिला. कोमल खुर्चीत बसली. कागदावर मोकळ्या राहिलेल्या जागेकडे तिने बोट केलं.

"ते बी लिहा."

"बर्फाचं पण?"

"बर्फाचं पण."

प्रल्हादरावांनी बर्फाचंही लिहिलं. खाली सही केली, आणि मान वर करायचा धीर होत नव्हता म्हणून तारीख दोनदा घातली.